रिंगणात थांबलेलं एकही लेकरू नको

धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेनं विचारलं आहे: "पहिली ते सातवी मिळून ५४ मुलं आहेत. मैदान साधारण ५० बाय ६० फूट. क्रीडाशिक्षक नाही. परिपाठानंतर रोज २० मिनिटं काढता येतात. मुलांना नाच फार आवडतो. सामूहिक नृत्य हाच एरोबिक व्यायाम म्हणून घेतला तर चालेल का? किती वेळ घ्यावा, कशावर नाचवावं, उन्हाळ्यात काय करावं? सहावीतल्या एका मुलीला दमा आहे, तिचं काय? आणि एक पालक म्हणतात, शाळेत नाचगाणं कशाला, त्यापेक्षा पळायला लावा."

ताई, चालेल. नुसतं चालेल असं नाही, तुमच्यासारख्या शाळेला याहून सोपा आणि स्वस्त व्यायाम मला तरी माहीत नाही. मी २४ वर्षं परभणी आणि बीड जिल्ह्यांत शारीरिक शिक्षण शिकवते आहे. त्यातली पहिली काही वर्षं मी लेकरांना नाचवत होते, पण त्यांचा व्यायाम होत नव्हता, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणून आधी तेच सांगते.

गॅदरिंगचा नाच बसवत होतो. रोज ४० मिनिटं सराव, महिनाभर. मला वाटायचं, लेकरांचा केवढा व्यायाम होतोय. एक दिवस घसा बसला होता म्हणून सराव सहकारी बाईंनी घेतला आणि मी कडेला पायरीवर बसले. हातात स्टॉपवॉच होतं. सहज म्हणून शेवटच्या ओळीतल्या एका मुलीवर नजर ठेवली. ती हलली की घड्याळ चालू, थांबली की बंद. गाणं लावलं, अर्ध्यावर थांबवलं, पुढच्या ओळीतल्या दोघींचा हात चुकला म्हणून त्यांना समजावलं, पुन्हा सुरुवातीपासून. मुलांची तुकडी आत आली तेव्हा मुली बाजूला उभ्या. मग कोण कुठं उभं राहणार यावर चर्चा. ४० मिनिटं संपली तेव्हा घड्याळात ९ मिनिटं होती. बाकी ३१ मिनिटं ती मुलगी वेणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. आणि ती पायात बळ असलेली, शाळेत पळत येणारी मुलगी होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी वेगळ्या धरते. नाच बसवणं वेगळं आणि नाचातून व्यायाम करून घेणं वेगळं. नाच बसवताना डोळा बघणाऱ्यांवर असतो: रांग सरळ हवी, हात एकदम वर जायला हवेत, चांगली नाचणारी पुढं आणि बाकीची मागं. व्यायामात बघणारं कुणी नसतं. तिथं एकच पाहायचं, की प्रत्येक लेकराचे पाय चालू आहेत का. म्हणून नाच इतका सोपा हवा की पहिल्याच दिवशी, न शिकवता, बघून बघून जमला पाहिजे. स्टेप चुकली म्हणून गाणं थांबवायचं नाही. कुणाला पुढं-मागं उभं करायचं नाही. तुमच्या २० मिनिटांतली १५ मिनिटं जरी ५४ लेकरांचे पाय थांबले नाहीत, तरी तुम्ही जिंकलात.

आता एरोबिक म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. मांड्या, पोटऱ्या, कंबर असे शरीरातले मोठे स्नायू एका लयीत सलग चालू ठेवायचे. त्यांना प्राणवायू जास्त लागतो, तो पुरवायला हृदय आणि फुप्फुसं जोरात काम करतात, आणि रोजच्या सवयीनं ती ताकदवान होतात. एक शंभर मीटरची शर्यत जीव तोडून पळणं हे त्यात बसत नाही, कारण ते काही सेकंदांत संपतं. नुसते हात हलवत उभं राहणंही बसत नाही. हात कितीही सुंदर फिरले तरी पाय जमिनीला खिळलेले असतील तर छाती भरून येत नाही. शाळांमधल्या बऱ्याच नाचांची गोम हीच आहे, सगळं हातवाऱ्यांत आणि चेहऱ्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, त्यातली बरीचशी एरोबिक असावी. आठवड्यातून किमान ३ दिवस दम लागेल असा जोरकस व्यायाम आणि हाडं-स्नायू बळकट होतील असा व्यायाम असावा. हे ६० मिनिटं सलग असायची गरज नाही. तुमची २० मिनिटं, मधल्या सुट्टीतला खेळ, शाळेत पायी येणं-जाणं, संध्याकाळची लगोरी, सगळं त्यात धरायचं. खेड्यातल्या लेकरांना ६० मिनिटं भरणं अवघड नाही असं आपण म्हणतो, पण मोबाईल आता वाडीवस्तीवरही पोचला आहे. आणि लातूर, नांदेडकडं तर सहावी-सातवीपासून शिकवणीच्या बाकावर दिवस संपतो. तिथल्या पालकांनीही हे वाचलं तर बरं.

जोर किती हवा, हा पुढचा प्रश्न. मोठ्यांच्या व्यायामात '२२० वजा वय' असा हिशोब सांगतात. तो लेकरांना लावू नका. लहान मुलांच्या हृदयाची कमाल गती वय काहीही असलं तरी साधारण २०० च्या आसपासच असते, त्यामुळं ते गणित फसतं. मी पाढ्याची परीक्षा घेते. नाच चालू असताना एखाद्या लेकराजवळ जाऊन म्हणते, "सातचा पाढा म्हण." सत्तरपर्यंत एका सुरात गेलं तर जोर कमी पडतोय, लय वाढवा. दोन-तीन घरं म्हणून श्वास घेतोय, परत दोन-तीन घरं म्हणतोय, तर अगदी बरोबर चाललंय. 'सात दुणे' म्हणतानाच धाप लागत असेल तर त्याला जागेवर चालायला सांगा. लहानग्यांना पाढा येत नसेल तर नाव, गाव, आईचं नाव विचारा.

पाचवीच्या पुढच्या लेकरांना नाडी मोजायला शिकवा. मनगटावर सापडली नाही तर गळ्याच्या बाजूला, दोन बोटं, हलका दाब. १५ सेकंद मोजून चारनं गुणायचं. बसलेल्या लेकराची १५ सेकंदांत साधारण २० ते २५ येते. नाचाच्या ऐन भरात ३५ ते ४२ आली, म्हणजे मिनिटाला १४० ते १६८, तर व्यायाम नीट चाललाय. ४५ च्या पुढं जात असेल तर लय उतरवा. एक लक्षात ठेवा, लेकरांची नाडी थांबल्या थांबल्या झरझर खाली येते. म्हणून 'थांबा' म्हणताच मोजायला लावायचं, रांग लावून, शांतता करून मग नाही. त्या १५ सेकंदांचा गुणाकार लेकरं स्वतः करतात आणि त्या दिवशी चारचा पाढा कुणाला पाठ करायला सांगावा लागत नाही.

आता तुमचं मैदान. ५४ लेकरांचं एकच रिंगण केलं आणि प्रत्येकाला सव्वा मीटर दिलं तर रिंगण जवळजवळ साडेएकवीस मीटर रुंद होतं. तुमच्या मैदानात ते बसणार नाही. म्हणून दोन रिंगणं करा, एकात एक. बाहेर ३४, आत २०. बाहेरचं साधारण साडेतेरा मीटर म्हणजे ४४ फूट रुंद होईल, आतलं ८ मीटर. दोघांत पावणेतीन मीटरची वाट राहते, तिथून तुम्ही फिरत राहायचं. चुन्यानं एकदाच आखून घ्या. आत पहिली ते तिसरीची, बाहेर मोठी. रांगांपेक्षा रिंगण चांगलं, कारण त्यात शेवटची ओळ नसते. लाजरं लेकरू लपायला जागा शोधत नाही आणि त्याला समोरचे पाय दिसत राहतात. डावं-उजवं चुकलं तर चुकू द्या. फक्त रिंगण फिरतं तेव्हा सगळे एकाच बाजूला गेले पाहिजेत, नाहीतर डोकी आपटतात.

माझी २० मिनिटं अशी जातात. पहिली ४ मिनिटं सावकाश: जागेवर चालणं, खांदे फिरवणं, टाच पुढं ठेवणं, रिंगणात चालत एक फेरी. पावलांची लय मिनिटाला १०० ते ११० ठोके. मग १२ मिनिटं भराची, आणि शेवटची ४ मिनिटं उतरती: चालणं, हळूहळू श्वास, पोटऱ्या आणि मांड्या ताणणं. एकदम थांबवू नका. जोरात नाचून लेकरं एकदम स्तब्ध उभी राहिली की रक्त पायात साचतं, चक्कर येते.

मधल्या १२ मिनिटांसाठी मला पाच पावलं पुरतात आणि तुम्हालाही पुरतील. जागेवर दुडकी. बाजूला पाऊल टाकून दुसरं जोडणं आणि टाळी. गुडघा वर, त्याला उलट्या हाताचा स्पर्श. चार पावलं आत, चार पावलं बाहेर. आणि खाली अर्धं बसून उडी. प्रत्येक आठ ठोके करायचं, मग पुढचं. पहिल्या आठवड्यात पहिली दोनच. तिसऱ्या आठवड्यात पाचही. दुडकी हा मधला विसावा आहे. जोरकस पावलं झाली की दुडकीवर यायचं, दम सावरायचा, पण पाय चालूच. लहान लेकरांचा स्वभावच असा असतो, भरारी मारायची, जरा रेंगाळायचं, पुन्हा भरारी. पहिली-दुसरीच्यांना १२ मिनिटं एकाच जोरात नाचवायला जाऊ नका. त्यांना एक मिनिट जोर, अर्धं मिनिट चालणं, असं ठेवा. अर्धं बसून उडी मारण्यानं मांड्यांना बळ येतं आणि हाडांवर भार पडतो, तो वाढत्या वयात हाडांना हवाच असतो. पण ती उडी मातीवरच. सिमेंटच्या ओट्यावर किंवा गट्टू बसवलेल्या आवारात उड्या घेऊ नका, नडग्या दुखायला लागतात. शहाबादी फरशीवर मोजे घालून तर मुळीच नाही.

लय कशी मोजायची? १५ सेकंदांत पावलाचे किती ठोके पडतात ते मोजा, चारनं गुणा. सुरुवातीला ११०, भरात १३० ते १४०, शेवटी ९० च्या खाली. गाणी निवडताना मी आधी हे मोजते, मग शब्द बघते. शब्द लेकरांच्या तोंडी शोभतील असेच हवेत. लग्नाच्या डीजेतलं गाणं त्यांना येतं म्हणून लावायचं, हे मला पटत नाही. त्याची गरजही नाही, कारण आपल्या मुलखात नाचाला काय तोटा आहे?

पावली घ्या. आषाढी वारीला शेगावची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाईवरून पंढरपूरला जाते, तेव्हा टाळकऱ्यांना डोळे भरून बघा. टाळाच्या ठोक्यावर पुढं, मागं, एक पाय उचलून झुकणं, खाली बसल्यासारखं होऊन उसळणं, आणि लय हळूहळू चढत जाणं. साठीतला माणूस दिवसभर चालून संध्याकाळी पुन्हा पावली खेळतो. त्याची छाती, त्याच्या पोटऱ्या बघा. कुठल्याही व्यायामशाळेत यापेक्षा चांगला एरोबिकचा तास मी पाहिलेला नाही. सुरुवात संथ, मधे द्रुत, शेवट पुन्हा संथ, सगळं त्यातच आहे. टाळ नसले तर टाळी. गजराला आवाज द्यायला एक लेकरू, बाकीची पाय चालवत ऐकणारी, दुसऱ्या ओळीला सगळी.

लेझीम तर आपल्या शाळांच्या अंगवळणी पडलेला आहे. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला बऱ्याच शाळांत लेझीम निघतो. पण तो त्या दिवसापुरता कपाटातून बाहेर येतो आणि परत कपाटात जातो, याचं मला वाईट वाटतं. लेझीममध्ये कंबर, खांदे, मांड्या, सगळं वापरलं जातं, आणि पाय चुकला तर आवाज चुकतो, म्हणून शिकवणाऱ्याला ओरडावं लागत नाही. फक्त जुने जड लेझीम तिसरीच्या आतल्या लेकरांच्या हाती देऊ नका, मनगटं दुखतात. त्यांना टिपऱ्या द्या. टिपऱ्या विकत आणायची गरज नाही, पण काड्या तासून घ्या, टोकं गोल करा, वीतभराहून जरा लांब ठेवा. आणि पहिले काही दिवस स्वतःच्याच टिपऱ्या एकमेकांवर वाजवू द्या, जोडीदाराच्या नंतर.

फुगडीत दम फार लवकर लागतो, पण सगळ्यांना एकदम घालता येत नाही आणि हात सुटला तर डोकं आपटतं. ती मी मुलींना मधल्या सुट्टीत खेळू देते, व्यायामात धरत नाही.

तुमच्याकडं बंजारा तांड्यावरची लेकरं असतील तर त्यांना विचारा. होळीच्या वेळी तांड्यावर लेंगी गीतं म्हणत रिंगण धरतात, टाळ्यांवर पावलं पडतात, तासन् तास चालतं. माझ्याकडच्या चौथीतल्या एका बंजारा मुलीनं एकदा आख्ख्या शाळेला ते पाऊल शिकवलं. वर्गात मराठी वाचताना अडखळणारी मुलगी रिंगणाच्या मधोमध उभी राहून मोठ्या मुलांना सांगत होती, "असं नाही रे, वाकून." त्या दिवसानंतर ती वाचतानाही आवाज काढायला लागली.

आणि हलगी. स्पीकर लागतोच असं समजू नका. वीज गेली, चार्जिंग संपलं, पेन ड्राइव्ह चालेना, की त्या दिवशी व्यायाम बुडतो. गावातल्या हलगी वाजवणाऱ्या काकांना आठवड्यातून एक दिवस बोलवा. मानानं बोलवा, खुर्ची द्या, परिपाठात त्यांची ओळख गुरुजी म्हणून करून द्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गावात त्यांना लग्नाला, मिरवणुकीला बोलावतात आणि काम झालं की कडेला बसवतात. आमच्याकडं जे काका यायचे ते आधी वाळकं पाचट पेटवून हलगी शेकायचे. कातडं तापून ताठ होईपर्यंत बोटानं टिचकी मारून बघायचे. पहिली टिचकी 'धप्' अशी ओली, शेवटची 'टण्ण'. ५० लेकरं त्यांच्याभोवती श्वास रोखून बसायची. आणि मग पहिला ठोका पडला की कुणाला 'उठा' म्हणावं लागायचं नाही. जिवंत वाद्याचा मोठा फायदा हा, की वाजवणारा लेकरांकडं बघून लय चढवतो-उतरवतो. गाणं तसं करत नाही.

उन्हाळ्याचं मात्र मनावर घ्या. लेकरांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि अंगाच्या मानानं कातडीचा पसारा जास्त असतो, त्यामुळं भोवतालची हवा तापली की ती लवकर तापतात. मार्च उजाडला की सकाळच्या शाळेत ८ च्या आत व्यायाम संपवायचा. एप्रिलमध्ये ४० च्या वर पारा गेला की जोरकस भाग १२ मिनिटांवरून ६ वर आणा, तोही लिंबाच्या सावलीत. आधी पाणी, मधे दोन घोट, नंतर पाणी. ज्या गावात टँकर चालू असतो तिथं लेकरं पाणी मागायला लाजतात, म्हणून तुम्हीच बाटल्या बघा. डोकं दुखतंय, मळमळतंय, अंगावर काटा आला, असं कुणी म्हणालं तर ताबडतोब सावली, ओलं फडकं, वारा. गोंधळल्यासारखं बोलत असेल तर थांबायचं नाही, दवाखाना.

रिकाम्या पोटाचा प्रश्न याहून मोठा आहे. परिपाठानंतर लगेच व्यायाम असेल तर रोज एकदा विचारा, "कोण काही न खाता आलंय?" पहिल्या दिवशी कुणी हात वर करणार नाही. आठवडाभरानं करतील. त्यांच्यासाठी मी शेंगदाणे आणि गुळाचा डबा ठेवते. मूठभर खाऊन १० मिनिटांनी रिंगणात. शालेय पोषण आहाराच्या खिचडीनंतर मात्र तासभर नाच नको.

आणि रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या रिंगणातल्या काही मुली 'आळशी' नसून त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असू शकतं. कुणी रोजच पाच मिनिटांत खाली बसत असेल, पापण्यांची आतली बाजू फिकी दिसत असेल, माती किंवा खडू खात असेल, तर तिला बोलू नका. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा तिचं नाव पुढं करा, तोवर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या शाळेतून मिळतात, पाचवीपर्यंतच्या गुलाबी, मोठ्यांच्या निळ्या. त्या तुमच्यासमोर, जेवणानंतर गिळल्या जातात का ते बघा. किनवट-माहूरकडं शिकवणाऱ्यांनी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही लक्षात ठेवावा. त्या लेकरांना पाणी जास्त, विश्रांती वरचेवर, आणि चढाओढ नाही. नाचताना कुणी बेशुद्ध पडलं किंवा छातीत दुखतं म्हणालं, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा रिंगणात घ्यायचं नाही.

पाळी आलेल्या मुलींना बाजूला बसवू नका आणि नाचायला भागही पाडू नका. "आज कसं वाटतंय?" एवढं बाईमाणसानं कानात विचारावं. ओढण्या कमरेला घट्ट बांधायच्या, एवढाच नियम.

तुमच्या धारूर, केज, वडवणी भागातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर लेकरं जातात आणि गुढीपाडव्याच्या मागंपुढं परततात. मला एका पोराचा चेहरा अजून दिसतो. पाच महिन्यांनी शाळेत आला. हाताला पाचटाचे चरे. वर्गात पुस्तक उघडलं की त्याला काही लागत नव्हतं, सगळे पुढं गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिंगणाच्या बाहेर बुटं शोधत असल्यासारखा रेंगाळला, पायात तर चप्पलही नव्हती. पाऊल-जोड-टाळी चाललं होतं. दोन फेऱ्या बघितल्या, तिसऱ्या फेरीला आत शिरला. शाळा सुटताना विचारतो, "बाई, उद्या बी हाय का?" नाच अवघड असता, जागा ठरलेल्या असत्या, तर त्या पोराला तिथंही उशीर झाला असता. सोप्या नाचाचा माझा हट्ट अर्ध्याहून जास्त अशा लेकरांसाठी आहे.

आता ते पालक. त्यांना चुकीचं ठरवू नका, पळणं चांगलंच आहे. पण ५४ लेकरांना ५० फुटांच्या मैदानात पळवलं तर काय होतं ते मी पाहिलंय. दहा पळतात, वीस ढकलाढकली करतात, बाकीची दुसऱ्या फेरीला पोटात कळ आली म्हणून बसतात. जे मूल मागं पडतं ते सगळ्यांसमोर मागं पडतं. जाड मूल तर दुसऱ्या दिवशी शाळेलाच येत नाही. रिंगणात मागं पडायला जागा नसते. म्हणून कधी वजनाचं नाव काढू नका, 'नाचलास की बारीक होशील' असंही नको. शनिवारी खो-खो, कबड्डी ठेवाच, नाच त्यांची जागा घेत नाही. आणि त्या पालकांना एक दिवस सकाळी बोलवा. भाषण देऊ नका. बाहेरच्या रिंगणात त्यांच्या लेकराशेजारी उभं करा आणि पावलीचा एक गजर पूर्ण करायला सांगा. आमच्याकडं "बाई, नाचगाण्यानं का लेकरं तयार होतेत?" असं विचारणारे एक आजोबा सात मिनिटांनी गुडघ्यावर हात ठेवून उभे होते, आणि मग त्यांनीच टाळ आणून दिले. मुलींच्या नाचाला हरकत असलेले लोक पावलीला, लेझीमला सहसा हरकत घेत नाहीत, हाही अनुभव आहे. आया एकदा बघून गेल्या की राहिलेली शंकाही जाते.

राहिली तुमची सहावीतली मुलगी. दमा आहे म्हणून तिला ओट्यावर बसवू नका. दमा आटोक्यात असलेल्या लेकरांना व्यायाम चालतो, आणि हवाही असतो. जोरात श्वास चालला की तोंडानं कोरडी, गार हवा आत जाते, श्वासनलिका कोरड्या पडतात आणि आवळतात, तिथं त्रास होतो. म्हणून तिच्यासाठी सुरुवातीचा संथ भाग ४ ऐवजी १० मिनिटांचा करा. बाकीची यायच्या आधी तिला मैत्रिणीबरोबर रिंगणाच्या दोन-तीन फेऱ्या चालायला लावा. श्वास नाकानं घ्यायची सवय लावा. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी नाका-तोंडावरून सुती रुमाल. मैदानावर आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी हलका सडा मारून घ्या, आपली काळी माती वाळली की फार उडते. शेजारी तुरीचं खळं चालू असेल त्या दिवशी तिला वर्गात पाऊल-जोड करू द्या.

तिच्या आईवडिलांना एकदा बोलावून डॉक्टरांनी काय सांगितलंय ते लिहून घ्या. काही लेकरांना व्यायामाच्या १०-१५ मिनिटं आधी पंप (इनहेलर) घ्यायला सांगितलेलं असतं. पंप तिच्या दप्तरात नको, तुमच्या टेबलाच्या खणात, आणि खण कुलपाविना. छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, खोकला थांबेना, तर नाचणं बंद, बसवायचं, जरासं पुढं झुकवून, आडवं करायचं नाही, आणि पंप. एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन, त्यात पाच मिनिटंही घालवू नका.

आणि तिला आतल्या रिंगणात ठेवा, लहानग्यांबरोबर. त्यांची लय तशीही एक मिनिट जोर, अर्धं मिनिट चालणं अशी असते, ती तिला मानवेल. बाकीच्यांना वाटेल, मोठी ताई लहानांना शिकवायला आत उभी आहे. तिलाही तसंच सांगा.